लिनबाईंचा चौथा पर्याय

अमेरिकेहून परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय बाई, कशी आहे अमेरिका?" मी सांगते, "सपाट." लोकांना वाटतं, मी चेष्टा करतेय. चेष्टा कसली? ज्या मिनेसोटा राज्यात मी चार महिने काढले, तिथे अजिंक्यताऱ्याच्या निम्मं टेकाड कुणी दाखवावं आणि माझ्याकडून पेढे घेऊन जावेत. नायगारा ज्यांना बघायचा असेल त्यांनी आमच्या उपप्राचार्यांकडे जावं. त्यांच्याकडे स्लाइड्स आहेत. प्रत्येक स्लाइडमध्ये धबधब्याच्या पुढे ते स्वतःच उभे आहेत, त्यामुळे पाणी फारसं दिसत नाही.

माझं जाणं वेगळ्याच कामाचं होतं. तिथल्या एका विद्यापीठात चीनमधून पदवी घ्यायला आलेली चाळिशीची माणसं होती. त्यांना इंग्रजी वाचलेलं कितपत कळतं ते तपासायचं होतं. त्यासाठी तिथल्या प्राध्यापकांना असं कुणीतरी हवं होतं, की ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही आणि तरीही ज्याला चांगलं इंग्रजी येतं. पत्रात त्यांनी हे असं लिहिलं होतं, जणू त्यांना दोन पायांवर चालणारी म्हैस हवी होती. तेवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवल्यावर मी म्हटलं, जाऊ या, म्हैस तर म्हैस.

ईडन प्रेरी

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी सुलभा मिनिआपोलिसजवळच्या ईडन प्रेरीत राहते. तिचा नवरा श्रीकांत मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे. विमानतळावरून घरापर्यंत ते मला गाडीची काच बटण दाबून कशी खाली जाते तेच दाखवत होते. सप्टेंबर असला तरी वारा असा की माझे कान बधिर झाले. घरात पाऊल टाकलं, अजून चपला काढतेय, तोच श्रीकांत म्हणाले, "मावशी, आधी बेसमेंट बघून घ्या."

आपल्याकडे पाहुण्याला देवघर दाखवतात, फार तर नवी सून दाखवतात. इथले मराठी लोक तळघर दाखवतात. पुढे मी ज्या ज्या मराठी घरी जेवायला गेले, तिथे मला जिना उतरवून खाली नेलं आणि घर गरम करणाऱ्या भट्टीसमोर उभं केलं. हात जोडायचेच काय ते मी बाकी ठेवले.

मराठी मंडळाचं पॉटलक झालं. पॉटलक म्हणजे प्रत्येकानं आपल्या घरून एकेक पदार्थ आणायचा. सगळ्यांनी छोले आणले होते. पुणे, नागपूर, मुंबई, कुठून कुठून आलेली माणसं, पण पिठलं आणायची अक्कल एकालाही झाली नाही. श्रीखंड होतं, ते डब्यातल्या आंबट क्रीममध्ये साखर घोळून केलेलं. "अगदी घरच्यासारखं लागतं ना, मावशी?" सुलभानं विचारलं. कुणाच्या घरच्यासारखं, ते मी विचारलं नाही. तिचा सात वर्षांचा रोहन मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि त्याचंही आईबापांना कोण कौतुक!

श्रीकांतच्या आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्या मला विहीणबाई म्हणायच्या आणि माझ्या साताऱ्याच्या बोलण्यातल्या चुका प्रेमानं सुधारायच्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच.

विद्यापीठाचं गाव

विद्यापीठ बसनं दोन-अडीच तासांवर. गाव कसलं, मक्याच्या शेतात कुणीतरी विसरून गेलेल्या इमारती. मला विद्यार्थ्यांच्याच होस्टेलमध्ये खोली दिली. खानावळीत सगळं उकडलेलं. गाजर उकडलेलं, वाटाणे उकडलेले, बटाटे तर उकडून वर कुटलेले. वाढणारी बाई रोज म्हणायची, "एन्जॉय!" त्यात एन्जॉय करण्यासारखं काय होतं ते तिचं तिलाच माहीत. चौथ्या दिवशी मी मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात पोहे करायला गेले, तर तिथे एक चिनी बाई कोबी परतत होती. लसणाचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कधी वाटलं नव्हतं की मी लसणासाठी रडेन.

ह्या लिनबाई. मिसेस लिन, पण मला ते मिसेस-बिसेस जमेना. वय बेचाळीस, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. चीनमधल्या एका शेतकी कॉलेजात माती हा विषय शिकवत होत्या. सांस्कृतिक क्रांतीत कॉलेजं बंद पडली आणि ह्यांची पुढची पदवी राहिली ती राहिलीच. आता सरकारनं पाठवलं होतं. मी त्यांना घरून आणलेली लसणाची चटणी दिली, ती त्यांनी भातावर घेतली आणि डोळे मिटून खाल्ली. दोस्ती व्हायला एवढं पुरे झालं.

त्यांची अडचण सरळ होती. डिसेंबरमध्ये इंग्रजी वाचनाची शेवटची परीक्षा. त्यात पास झाल्या तर एम.एस.ला प्रवेश पक्का, नाहीतर जानेवारीत परतीचं विमान. "माझ्या कॉलेजातून पहिल्यांदाच कुणाला पाठवलंय," त्या म्हणाल्या. "मी नापास होऊन गेले तर पुन्हा कुणाला पाठवणार नाहीत. माझ्यामागे तरुण मुली रांगेत आहेत." हे त्यांनी कोबी ढवळता ढवळता सांगितलं, आवाज न चढवता.

आता ती परीक्षा घेणाऱ्या महापुरुषाबद्दल. डॉ. पीटरसन. उंच, गुलाबी, स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. ती ठिगळं फाटलं म्हणून लावलेली नसतात, विकत घेतानाच असतात, हे मला तिथे कळलं. कधीही भेटलं की दात दाखवणार. चीनला कधी गेलेले नाहीत, चिनी भाषेतलं अक्षर येत नाही, पण "चिनी मन" ह्या विषयावर तासभर बोलू शकत. पेपर त्यांनीच काढलेला. त्यात एक उतारा बेसबॉलवर, एक अंगणातलं गवत कापण्यावर, आणि एक थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर. थँक्सगिव्हिंग म्हणजे त्यांचा नोव्हेंबरातला मोठा सण. घरचे सगळे जमतात आणि टर्की नावाचा भला थोरला पक्षी भाजून खातात. उताऱ्यात सून टर्की भाजते, सासू पहिला घास घेते आणि म्हणते, "यंदा टर्की कोरडी झाली नाही." खाली प्रश्न: सासूला काय म्हणायचं आहे? पर्याय चार. एक, तिला भूक लागली आहे. दोन, मागच्या वर्षी टर्की कोरडी झाली होती. तीन, तिला सून आवडते. चार, सांगता येत नाही.

मी वाचून मोठ्यानं हसले. अहो, साताऱ्याची कुठलीही सून हा प्रश्न झोपेत सोडवेल! इंग्रजी नसेल येत तरी सोडवेल.

ऑक्टोबरात सराव परीक्षा झाली. उत्तरपत्रिका तपासायला मी बसले. शब्दांचे अर्थ, व्याकरण, उताऱ्यात लिहिलेली माहिती, सगळं चोख. लिनबाईंना तर त्यात एक चूक नाही. आणि "अमक्याला काय म्हणायचं आहे", "लेखकाच्या मनात काय आहे" असा प्रश्न आला की चौथा पर्याय. सांगता येत नाही. सगळीकडे सांगता येत नाही. एकट्या लिनबाईंचंच नाही, वर्गातल्या बहुतेकांचं तेच.

डॉ. पीटरसन खूश झाले. नापास झाली माणसं आणि हा बाबा खूश! "पाहिलंत? त्यांना लिहिलेलं कळतं, पण न लिहिलेलं कळत नाही. घोकंपट्टीची संस्कृती आहे ती. अनुमान काढायची सवयच नाही. मी हे कधीचं म्हणतोय."

"ही माणसं वर्षानुवर्षं शिकवताहेत," मी म्हटलं. "त्यांना अनुमान काढता येत नाही असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"पेपरवरून," ते म्हणाले, आणि दात दाखवले.

मला राग आला होता, पण खोटं कशाला सांगू, तो चौथा पर्याय पेपरामागून पेपरात मलाही दिसत होता.

थँक्सगिव्हिंग

सणाला होस्टेल रिकामं झालं. लिनबाई एकट्या राहणार होत्या, म्हणून मी त्यांना ईडन प्रेरीला घेऊन गेले. श्रीकांतनी त्यांनाही आधी बेसमेंट दाखवलं. लिनबाईंनी मात्र भट्टीला हात लावून पाहिला, तिची नळी कुठून येते, जाते कुठे, ते विचारलं. श्रीकांतचं इतकं खरं कौतुक आजवर कुणी केलं नसणार, ते पाघळले.

रोहनच्या हट्टानं टर्की आणली होती. शाकाहारी मंडळींसाठी सुलभानं भरली वांगी केली होती. आता तिथली वांगी म्हणजे एकेक गाडग्याएवढं, त्यात मसाला भरायचा म्हणजे सर्जरीच. पोरगी सकाळपासून खपत होती. सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी वांग्याचा तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "आज वांगी शिजलीयत हो छान."

सुलभा उठली, "आणखी पोळ्या आणते हं," म्हणाली आणि आत गेली. आतून नळ धो धो सोडल्याचा आवाज आला. श्रीकांत ताटात बघत होते. मी पण.

तेवढ्यात लिनबाई माझ्या कानाशी लागून इंग्रजीत पुटपुटल्या, "म्हातारीनं स्तुती नाही केली. ती म्हणाली की इतर दिवशी जमत नाही. हो ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ह्या बाईला मराठीचं ओ की ठो कळत नाही. 'वांगी' हा शब्द तिच्या कानावर त्याच दुपारी पडलेला. आणि जे कळायचं ते अचूक कळलं! पुढचं जेवण मला गोड लागेना. सासूबाई विचारत होत्या, "विहीणबाई, घ्या ना, लाजताय काय?" आणि माझ्या डोक्यात एकच, की मग पेपरात हिला झालं काय?

बसमध्ये

रविवारी परत निघालो. दोन्ही बाजूंना मका कापून झालेली रानं, काळीभोर माती, आणि कुठेकुठे पहिला बर्फ. लिनबाई खिडकीला नाक लावून ती माती बघत होत्या. "किती चांगली माती," त्या मधूनच म्हणत. मला कसला धीर! मी तोंडावरच विचारलं. "वांग्याचं तुम्हाला कळलं. टर्कीचं कळलं नाही?"

"कळलं," त्या म्हणाल्या.

"मग चौथा पर्याय का?"

त्या बोलायला लागल्या तेव्हा खिडकीबाहेरच बघत होत्या.

त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना माती शिकवणारे सर होते, वयस्क, अबोल. वर्गातली हुशार मुलगी म्हणून लिनबाई त्यांच्या लाडक्या. सरांनी कॉलेजच्या अंकात पिकांवर एक छोटा लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "यंदा रस्त्याकडेला गहू चांगला उभा आहे." तेव्हा रोज सभा भरायच्या, ह्याला उभं करा, त्याला उभं करा. सभेत विचारणा झाली, की ह्या वाक्यात ह्याला काय म्हणायचं आहे? कुणी बोलेना. मग लिनबाईंना पुढे बोलावलं. तू त्याची विद्यार्थिनी, तू सांग.

"मी सांगितलं," लिनबाई म्हणाल्या. "मी सांगितलं, की ह्याचा अर्थ, रस्त्यापासून आत गेलं की गहू उभा नाही. साहेबांची गाडी रस्त्यावरून जाते, तेवढाच दाखवायला ठेवलाय. असं सरांना म्हणायचं आहे."

"मग?"

"सरांना लांब पाठवलं. खाणीत. ते आले नाहीत परत."

बस चालली होती. पुढच्या बाकावर एक पोरगा चिप्स खात होता, त्या पिशवीचा आवाज तेवढा येत होता.

"तेव्हापासून आम्ही सगळेच," त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या वयाचे सगळे. कागदावर लिहिलंय ते सांगतो. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, माहीत नाही."

माझा जीव कळवळला. मी त्यांचा हात धरला आणि आपल्याला जे बोलायची सवय असते ते बोलले. "अहो, तुम्ही पोर होतात. दरडावून विचारल्यावर काहीतरी बोलून गेलात. त्या बिचाऱ्यांनी साधं गव्हाचं कौतुक केलं असेल."

लिनबाईंनी हात सोडवला नाही. माती बघत बसल्या.

डिसेंबर

सोमवारी सकाळी मी पीटरसनच्या खोलीत. सगळं सांगितलं. नाव नाही घेतलं, पण बाकी सगळं. म्हटलं, ह्या माणसांना अनुमान काढता येतं, तुमच्यामाझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी त्यासाठी किंमत मोजलीय, म्हणून ती बोलत नाहीत. एवढे प्रश्न ह्या वर्गापुरते गाळा.

"हे फारच इंटरेस्टिंग आहे," ते म्हणाले. त्या देशात इंटरेस्टिंग म्हणजे "आता तुम्ही निघा," हे मला तोवर समजलेलं होतं. पण हे गृहस्थ पुढे गेले. "ती व्यक्ती हेच टेपवर सांगेल का? माझ्या शोधनिबंधाला एकदम छान उदाहरण होईल."

कपाळ माझं! मी म्हटलं, "नाही सांगणार. प्रश्न गाळणार का?"

"प्रश्न गाळले तर ती वाचनाची परीक्षा कसली? वाचन म्हणजेच माणसाला काय म्हणायचंय ते ओळखणं." मग आवाज मऊ करून, "तुम्ही त्यांना प्रोत्साहन द्या ना. त्यांना सांगा, इथे अमेरिकेत मोकळेपणानं बोलता येतं." आणि घड्याळाकडे बघितलं.

डोंबलाचा मोकळेपणा! जो माणूस समोरच्याचं ऐकून घेत नाही, त्यानं बोलायचं स्वातंत्र्य वाटत फिरायचं. मी दार जरा जोरात लावलं. जरा नाही, चांगलंच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात लिनबाईंना सांगितलं की प्रश्न तसेच राहणार. म्हटलं, आपण रोज तासभर सराव करू, मी तुम्हाला युक्त्या सांगते. त्या तांदूळ धूत होत्या. "सराव नको," म्हणाल्या. "उत्तरं मला येतात." मग पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं. "माझ्यामागे मुली रांगेत आहेत," एवढंच पुन्हा म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी गुडघाभर बर्फ. मी पर्यवेक्षक. पांढऱ्याशुभ्र खिडक्या, आणि आत चाळिशीची माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. ज्यांनी धरणं बांधली, बी-बियाणं तयार केली, ती माणसं टोक केलेल्या पेन्सिलींनी एका काल्पनिक सुनेच्या टर्कीवर खुणा करत होती. मला त्या सगळ्याची अशी चीड आली की सांगता सोय नाही. लिनबाई कुठेच थांबल्या नाहीत. संथपणे एकेक गोल काळा करत गेल्या. वेळ संपायच्या आधीच पेपर माझ्या हातात देऊन बाहेर पडल्या.

त्या पहिल्या आल्या. वर्गात सगळ्यांत जास्त गुण. एकदाही चौथा पर्याय नाही. बाकीच्यांपैकी काहीजण पास, काही नापास, त्यांचं तोंड मला बघवेना. डॉ. पीटरसन तर हवेत होते. "बघा! अनुमान शिकवता येतं! तीन महिन्यांत शिकवता येतं!" कोणी शिकवलं, कधी शिकवलं, ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लिनबाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटोसुद्धा काढून घेतला. तो त्यांच्या शोधनिबंधाबरोबर छापून आला असेल तर मला आश्चर्य वाटायचं नाही.

मी मात्र खूश होते, अगदी पोरीचा निकाल लागावा तशी. बाकी सगळा संताप बाजूला ठेवून मी शिरा करायला घेतला. तिथल्या मैद्यासारख्या रव्याचा, पण शिरा तो शिरा. लिनबाई आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातात बशी दिली. म्हटलं, "बघा, होतं की नाही? ती गोष्टीतली माणसं. खोटी. त्यांच्याबद्दल काही सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही. तेव्हाचं विसरा आता. तेव्हा तुम्ही घाबरून काहीतरी चुकीचं बोलून गेलात."

त्यांनी एक घास खाल्ला. बशी खाली ठेवली.

"चुकीचं नाही, मिसेस देसाई," त्या म्हणाल्या. "मी शेतं बघितली होती. आत गहू नव्हताच. सर मला तिथे घेऊन गेले होते, मला एकटीलाच, आणि हाच अर्थ त्यांनी मला समजावून सांगितला होता. माझं उत्तर बरोबर होतं."